सून लांबची हाय, एवढंच

—परगावची म्हंजी लांबची हाय वो अक्का, सून. लांबची. न्हाय, सांगलीकडची न्हवं. त्याच्या पल्याड. कोकनातली? आता कोकनाच्याबी पल्याडच म्हना की — पान्याच्या बाजूची हाय एवढं खरं. ते जाऊ द्या. खोली मातुर झकास हाय तुमची. वारा येतोय, खाली रस्ता दिसतोय, मोरी आतच हाय — आनि काय पायजे मानसाला? चादरीच्या दुकानातला शिवयोगी म्हनलाच मला, मथुराबाई, नव्या पेठंच्या मागं महादेवीअक्काची माडी रिकामी हाय, बाई कमी बोलती पर मनानं सरळ हाय. कमी बोलती, हे खरं दिसतंय बगा. बरंच हाय. मी बोलती की भरपूर. आमी कोन व्हय? आमी वेळापूरचं, शेतकरी मानसं, मराठा. मालक जाऊन लई वर्सं झाली. एकच पोरगा, मानसिंग. शेतकीचं लई शिकला, आता हितं सोलापुरात शेतकीच्या कचेरीत साहेब हाय. तीन मानसं आमी — त्यो, मी, आनि सून. भांडान न्हाय, तंटा न्हाय. गावाकडनं रोज येजा जमत न्हाय, म्हनून खोली. दुसरं काय कारन न्हाय. काय बी न्हाय.

मासमच्छी? छ्या! तुमी लिंगायत, तुमच्या घरात अंड्याचं टरफलबी चालत न्हाय, मला ठावं न्हाय व्हय? आमी खातो, खोटं कशाला बोलू, पर तुमच्या माडीवर न्हाय शिजवायचो. देवाशपथ. मी सांगितलंय तिला. ती ऐकती माझं. वाळकं मासं आनल्यालं तिनं तिकडनं डबा भरून, ते मी मुंबईतच दिऊन टाकलं एका बाईला — असा वास, अक्का, विमानातली मानसं वळून वळून बगत हुती आमच्याकडं—

व्हय. विमानातली.

आता बोलून बसले तर सांगतीच. विमानानं आली सून. फिलिपिनची हाय. फिलिपिन म्हंजी — कसं सांगू — मुंबईवरनं विमानात बसलं की मदी एका गावात विमान बदलायचं, आनि मग खाली बघावं तर निस्तं पानी आनि पान्यात सांडल्यालं गावंच गावं, जोंधळं सांडावं तसं. अवो, उठू नगा अक्का. बसा. गोरीबिरी न्हाय ती. मडमीन न्हाय. आपल्यावानीच हाय, गव्हाळ, बुटकीशी, केस हितपतूर, कमरंच्या खाली. नाव लिगाया. लिगाया म्हंजी त्यांच्यात आनंद. आपल्यात नसत्यात व्हय आनंदी नावाच्या बाया? तसंच.

मी गेलते की तितं! सोता. ही लुगड्यातली बाई गेलती. इश्वास बसत न्हाय न्हवं? माझाबी बसत न्हाय कधी कधी. पोरगा तिकडं भाताचं शिकायला गेला — आता आमी जोंधळ्याची मानसं, भात आमच्यात सणासुदीला, आनि ह्यो भाताचं शिकायला साता समुद्रापल्याड! — तर गेला, आनि दोन वर्सांनी कळिवलं की लगीन करतोय, आई, तिकीट धाडतोय, तू ये. घरात नुसती आग लागली. माझं थोरलं दीर, हिंदुराव, त्यांच्या शब्दाबाहेर आमच्या वाड्यावस्तीत पान हालत न्हाय, ते म्हनले, "जा. तिकीट आलंय तर जाच. आनि पोराला घिऊन ये. एकट्याला." मी म्हनले, आनती. मलाबी तेच पायजे हुतं की. कोन कुठली भवानी, माझ्या पोराला मासं चारून नादाला लावती — झिंज्या धरून इचारनार हुते मी तिला. पिशवीत शेंगाची चटनी, बेसनाचं पीठ, कडक भाकऱ्या घेतल्या, आनि गेले.

आनि पोरानं काय डाव टाकला बगा! त्यो ऱ्हातोय पोरांच्या होस्टेलात, तितं बायामानसांना बंदी. मग आईला कुटं ठिवलं? तिच्याच घरात! तिची आई, कोंचिंग नाव तिचं — मी कांचनबाईच म्हनायची, तीबी ओ द्यायची — ती बाई माझ्यासारखीच, नवरा वारल्याली. गावाच्या कडंला घर, बांबूचं, खाली खांब आनि वर खोली, कुडाच्या भिंती, पानाचं छप्पर. गेले तर दारात पोरासोरांची झुंबड. आनि एकेक पोरगं यायचं, माझा हात धरायचं, आनि आपल्या कपाळाला लावायचं. मी दचकले! म्हनलं काय करत्यात ही, हात चाटत्यात का काय? मानसिंग हसाय लागला. म्हनला, आई, पाया पडत्यात ती. हितं पाया पडायची रीत अशीच हाय, म्हाताऱ्या मानसाचा हात कपाळाला लावायचा. शेवटाला ती आली, लिगाया. तिनंबी हात धरला. मी हात काढून घेतला. न्हाय लावू दिला.

रागानं मी तितं भिंतीकडं तोंड करून बसायची. तिच्या हातचं पानी न्हाय, तिच्याशी बोलनं न्हाय. कडक भाकरी आनि चटनी खायची. त्यांच्यात तीन टायम भात. सकाळी भात, दुपारी भात, रातीला भात! आनि हातानं खात्यात हां, आपल्यावानी. मोरीत तांब्या हाय, आपल्यावानी. शेजारीन दिसली की पयलं इचारत्यात — जेवली का? मानसिंग मला सांगायचा, आई, "कशी हायस" असं कुनी म्हनतच न्हाय हितं, "जेवलीस का" म्हनत्यात. मी मनात म्हनायची, मग त्यात काय, आमच्या वेळापुरातबी तेच म्हनत्यात. म्हनायची, पर कान तिकडंच असायचा.

एक गंमत सांगती. माझं एक लुगडं खिळ्याला लागून फाटलं. तर मानसिंग म्हनला, आई, कांचनबाईचं दुकान हाय की घराच्या म्होरल्या खिडकीत — सारी-सारी. माझ्या कानाला साडी-साडीच ऐकू आलं. मी म्हनलं, अगं बया! साड्याचं दुकान! एक साडी न्हवं, साडी-साडी! आनि एवढं दीस कुनी सांगितलं न्हाय मला? गेले तरातरा. तर काय — साबन हाय, मेनबत्ती हाय, शिरका हाय, वाळकं मासं हाय, घासलेट हाय, पोरांच्या गोळ्या हायत. सगळं हाय, लुगडं न्हाय! त्यांच्यात सारी-सारी म्हंजी म्हनं हरेक माल. आता सोलापूरकडच्या बाईची असली फजिती करत्यात व्हय? तुमी हसलासा. हसा, हसा. ती कांचनबाईबी अशीच हसली, पोट धरून. आनि मी रागात हुते, तरी मलाबी हसू आलं. तोंड फिरवून हसले मी.

आनि दुसरं, तर लाजायची गोष्ट हाय. एक म्हातारा बसायचा दुकानाम्होरं. मी त्याला हातानं खुना करून इचारलं, पोरगा कुटं गेला माझा? तर त्यानं काय करावं? ओठ फुगवलं आनि माझ्याकडं केलं! असं! माझ्या डोक्यात तिडीक गेली. विधवा बाई मी, परक्या मुलखात, आनि ह्यो थेरडा— चप्पल काढली मी अक्का! खरंच काढली! सगळी धावत आली. मग कळलं, तितं बोट दावत न्हाईत. रस्ता दावायचा तर ओठानं दावत्यात. माझ्या मागं रस्ता हुता, पोरगा त्या रस्त्यानं गेलता, तेवढंच म्हनत हुता बिचारा. दुसऱ्या दिशी त्यानंच मला केळ्याचा घड आनून दिला. असली मानसं. रागवायचं कुनावर सांगा? गाड्या बघाव्या तर जीपगाडी, बेंदराच्या बैलावानी सजवल्याली — गोंडं, आरसं, रंग, वर घोडं पितळंचं, आत देवाची तसबीर, आनि आत मानसं गुडघ्याला गुडघा लावून गानी म्हनत चालल्यात. रस्त्यानं जाताना गानी, भांडी घासताना गानी. मला वाटायचं ह्या मानसांना दुख हाय का न्हाय? का निस्तं गानंच हाय?

हाय की. दुख हाय. बघितलं मी ते.

वादळ आलं. आपल्याकडं वादळ म्हंजी धूळ उडती, पत्रा उडतो, सपलं. तितलं वादळ — अक्का, नारळाची झाडं जोंधळ्याच्या ताटावानी वाकली. सकाळपासनं पाऊस, आडवा पाऊस, आनि वारा असा की मानूस किरकिरतंय का घर किरकिरतंय कळंना. मानसिंग त्याच्या शिकायच्या भातशेतावर अडकल्याला, मदी रस्ता न्हाय. जवळच मोठं तळं हाय, नजर पोचत न्हाय असलं, त्याचं पानी चढाय लागलं. गावातली सगळी निगाली देवळाकडं, त्यांचं देऊळ दगडी, उंचावर. कांचनबाई आली मला न्यायला. मी म्हनले, न्हाय येत. त्यांच्या देवाच्या दारात जायाचं, आनि त्यांनी म्हनायचं आली बया आमच्यात — न्हाय. बसले खांबाला धरून. इतका ताठा. ती रडाय लागली, तिला इतर मानसांनी ओढून नेली. मी एकटी. खाली पानी पायऱ्या चढतंय. वरचं छप्पर निगालं, असं कुनी टोपी काढावी तसं निगालं, आनि आभाळ दिसाय लागलं. विठ्ठलाचं नाव घ्यावं तर तेबी आठवंना.

आनि पान्यातनं ही आली. लिगाया. छातीएवढ्या पान्यातनं. माझ्याशी भांडली न्हाय, ओढली न्हाय. माझ्याम्होरं बसली, माझ्यासारखीच खांबाला धरून. गारठून थाडथाड उडत हुती. आनि म्हनली — मानसिंगनं तिला तेवढंच मराठी शिकवल्यालं — "आई, चाला." चला न्हवं, चाला. मी मान हलवली. ती परत म्हनली, "आई, चाला." मी खांब अजून घट्ट धरला. मग म्हनती कशी, "बरं. बस." आनि बसली! अवो, दोघीबी मरनार हुतो तितं! मी तिच्या तोंडाकडं बघितलं, अक्का. एवढंसं तोंड. म्हनलं, हिची आई तिकडं देवळात ऊर बडवत असंल, आनि ही माझ्या ताठ्यापायी हितं बसली. उठले. ट्रंकेतलं दुसरं लुगडं काढलं, आपलं सोलापुरी, नऊवार, जाडजूड — त्याचं एक टोक तिच्या कमरंला बांधलं, एक माझ्या. आनि निगालो. मदी गल्लीला वढ असा की माझं पाय सुटलं. दोनदा सुटलं. तिनं एका हातानं नारळाचं झाड धरलं, दुसऱ्यानं लुगडं, आनि मला हिरीतनं घागर वढावी तशी वढली. फाटलं न्हाय ते लुगडं. देवळाच्या दारात कांचनबाईनं दोघींना एकदमच कवटाळलं, कोन लेक आनि कोन इहीन ते बघितलंच न्हाय तिनं. मी रडले. ती रडली. आनि मागं कोन तरी बया गानं म्हनाय लागली! मी म्हनलं ह्यांच्या गान्याला आता काय म्हनावं!

दोन दिसांनी पानी उतरलं, मानसिंगबी येऊन पोचला. घर उभं हुतं, बिनछपराचं, चिखलात रुतल्यालं. त्यानंच मला सांगितलं, कांचनबाई म्हनती, आता हितं न्हाय ऱ्हायचं, वर टेकाडावर न्यायचं घर. मला वाटलं मोडून नेत्यात. तर सकाळी गावातलं पुरुष जमलं — त्यो ओठ फुगवनारा म्हाताराबी — घराच्या खालनं लांब बांबू घातलं, खांद्यावर घेतलं, आनि हय्या करून घर उचललं की! अक्खं घर! पालखी उचलावी तसं! घर निगालं रस्त्यानं चालत, मागनं पोरं, मागनं कुत्री, मागनं आमी बाया. कुनी कुनाला मजुरी न्हाय, कुनी कुनाला हुकूम न्हाय. फकस्त ज्याचं घर त्यानं जेवू घालायचं, एवढीच रीत. आनि घरात शिजवायला काय? भात, बास. सगळं वाहून गेल्यालं. तवा मला आठवलं, माझं बेसनाचं पीठ डब्यात कोरडं हाय. पयल्यांदा त्या बाईच्या चुलीला हात लावला मी. पिठलं केलं, हाटून हाटून, मोठं पातेलं भरून, आनि शेंगाची चटनी. केळीच्या पानावर भात वतला लांबच्या लांब, त्यावर पिठलं, दोन्ही बाजूनं मानसं उभी, हातानं खायाला सुरवात. तिखट त्यांना सोसत न्हाय. एकेकाच्या डोळ्याला पानी, नाक लाल, हाश्हुश करत्यात, नाचत्यात, आनि परत घेत्यात! म्हातारा तर चटनीची वाटीच घिऊन बसला. त्या दिशी लिगायानं माझा हात कपाळाला लावला. मी काढून घेतला न्हाय.

मग लगीन. कचेरीत सह्या, आनि टेकाडावरच्या त्याच घराम्होरं जेवनावळ. आता सांगू नये पर सांगती. सगळी जमली, फुलं, गानी, आनि मी आपली सवयीपरमानं मागं, केळीच्या बुडाला जाऊन उभी. आपल्यात कसं अस्तंय — नवरा न्हाय त्या बाईनं मंगल कार्यात म्होरं यायचं न्हाय. मानसिंगचा बा गेल्यापासनं हळदीला न्हाय, कुकवाला न्हाय, पुतनीच्या लग्नात अक्षदा टाकायच्या तर मी चुलीपाशी. मला कुनी हाकललं न्हाय कधी. मीच सरकायची. तर कांचनबाई हुडकत आली. तीबी माझ्यासारखीच की, नवरा न्हाय तिला! तिच्या अंगावर कोरं करकरीत लुगडं — म्हंजी त्यांचा झगा — आनि गळ्यात हार. मोगऱ्यावानी बारीक फुलं अस्त्यात त्यांच्यात, सांपागिता म्हनत्यात. तिनं दुसरा हार माझ्या गळ्यात घातला. मी म्हनलं, नगं, बाई, नगं. हातानं सांगितलं, माझा मालक मेलाय. तिनं आपल्या छातीवर हात ठिवला — माझाबी मेलाय. आनि मग पोरांकडं हात केला. पोरं जित्ती हायत की! — असंच म्हनली आसंल, मला भाषा कुटं येती. पर असंच म्हनली. हात धरून तिनं मला म्होरं नेलं, दोघी दोन बाजूंनी, आनि मदी पोरगा-सून. म्होरं, अक्का. सगळ्यांच्या म्होरं. एवढ्या वर्सांनी फुलं गळ्यात. मी कुनाला सांगितलं न्हाय हे. जावंला न्हाय, भनीला न्हाय. तुमाला का सांगितलं कुनास ठावं. तुमी कमी बोलता म्हनून आसंल.

तर आलो परत. तिघं. हिंदुराव दारात उभं. म्हनले, "एकट्याला आन म्हनलं हुतं." मी म्हनले, भावजी, एकट्याला आनायचं तर मी तितंच वाहून गेले असते. ते म्हनले, ही हुंबऱ्याच्या आत येनार न्हाय. मी म्हनले, बरं. ट्रंक अजून ओसरीवरच हुती, ती उचलली आनि ST धरली. माझं आयुष्य गेलं त्या घरात, आनि निगायला चूळ भरायचा येळ लागला न्हाय. तवा मगाशी म्हनलं न्हवं, येजा जमत न्हाय म्हनून खोली पायजे? ते खोटं न्हाय. पर तेवढंच खरं न्हाय.

आता तुमी म्हनाल, एवढं आधी का न्हाय सांगितलं. सांगत हुते की! सात रस्त्याला एका घरी सांगितलं, ते म्हनले खोली दिली कालच. दुसरीकडं पोरीला बगितलं आनि दार लावलं. किरिस्तांव हाय का, कोन हाय, काय खाती. म्हनून आज ठरवलं, ह्या बाईला नुसतं म्हनायचं लांबची हाय, एवढंच. आनि बसले समदं वकून. मानसिंग म्हनतोच मला, आई, तुझ्या तोंडाला झाकन न्हाय.

बरं. उठती मी. तुमी काय म्हनत न्हाय, म्हंजी न्हायच म्हनताय, कळतंय मला. वाईट वाटून घिऊ नगा. तुमचं घर, तुमचा देव. पानी दिलासा, बसू दिलंसा, लई झालं.

सून व्हय? ती... ती खालीच हाय. तुमच्याच कट्ट्यावर. मीच म्हनले बस हितं, वर यिऊ नगस, तुला बगून लोक न्हाय म्हनत्यात. उनात? व्हय, उनात हाय. कवाची बसलीया.

अवो — कुटं निगालासा? अक्का, जिना अंधारा हाय, जपून — अक्का, तिच्यावर रागं भरू नगा हां, तिनं काय केल्यालं न्हाय, मीच बशिवली तिला — काय म्हनतायसा तिला? वळगं बा? वळगं बा! एवढं कानडी मलाबी कळतंय की, आत ये म्हनतायसा! पर अक्का, तिला कानडी कुटलं येतंय वो, मराठीबी धड न्हाय, बावचळंल ती — हात धरा तिचा! हात धरून — धरला व्हय? बरं. बरं, बरं.

मग मी आता गप बसती.